पाळीखालच्या दोघींची नावं

माफीनामा मी लिहिला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे कितीतरी दिवस "बाईंनी शेवटी सही केली" असं बोललं जात होतं. मी सही केली नव्हती. माझ्यापुढे ठेवलेला कोरा कागद मी कोराच परत दिला होता.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि नागपूरच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते. बेसा गेलं की डांबर संपायचं आणि पुढे गाडीवाटेने अर्धा तास सायकल मारावी लागायची. आज त्या बाजूला नुसत्या इमारती उभ्या आहेत. तेव्हा बेसा स्वतःच एक खेडं होतं, आणि आम्ही राहायचो त्या प्रताप नगरातही घरांपेक्षा मोकळे प्लॉटच जास्त होते. बाबांनी कापडाच्या गिरणीत आयुष्य घालवून तिथे दोन खोल्या बांधल्या होत्या.

छप्पन साली, नागपूरला दीक्षा झाली त्या दिवशी, बाबा मला घेऊन गेले होते. गर्दीत हरवू नये म्हणून त्यांनी माझ्या मनगटाला आपल्या पांढऱ्या धोतराचं टोक बांधलं होतं. दिवसभर मी त्या धोतराला बांधलेली फिरले. एवढ्या ताठ मानेने त्या दिवशी चाललेला माणूस मला नोकरी लागली तेव्हा मात्र म्हणाला, "नोकरी पक्की होयेवरी तोंड उघडू नोको, माय." मी बरं म्हटलं, आणि पहिली दोन वर्षं ते पाळलंही.

गावच्या पंचायतीला सरकारकडून एक लाऊडस्पीकर मिळाला होता. यंत्र आणि माईक चावडीत, आणि तिथून तारा ओढून तीन ठिकाणी भोंगे बसवलेले. एक चावडीवरच, एक मारुतीच्या देवळापाशी आणि एक बौद्ध वस्तीत, विहारासमोरच्या कडुलिंबावर. राकेल आलं, देवीची लस टोचणारे आले, कोणाची गाय सुटली, असलं सगळं त्यावरून सांगायचे. यंत्र चालवायला पंचायतीचा शिपाई होता. तोंडाने फटकळ, पण त्या यंत्रावरची धूळ रोज स्वतःच्या दुपट्ट्याने पुसायचा.

चौथीच्या पुस्तकात किल्ले होते, लढाया होत्या, पण आमच्या गावाचं नाव कुठेच नव्हतं. मला वाटलं, गावाला गावाची गोष्ट सांगावी. मी सरपंचांना विचारलं, गुरुवारी दिवेलागणीच्या आधी पंधरा मिनिटं यंत्र द्याल का? सरपंच पन्नाशीतले, गोडबोले गृहस्थ. त्यांचे आजोबा या गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार होते. ते हसून म्हणाले, "द्या ना बाई. सिनेमाच्या गाण्यांपेक्षा बरंच की."

तसे गुरुवार सुरू झाले. पटकीच्या साथीत अख्खं गाव महिनाभर शेतात जाऊन राहिलं होतं, ते मी सांगितलं. संत्र्याचा पहिला बगीचा कोणी लावला ते सांगितलं. गावातली पहिली सायकल कोणाची यावर तर तीन घरांत भांडण लागलं आणि मला पुढच्या गुरुवारी तिघांचंही म्हणणं सांगावं लागलं. शाळेत येताना वाटेत कोणीतरी थांबवायचंच. "बाई, तुमी चुकल्या. तो बगीचा माह्या चुलत आज्यानं लावला." मी सायकल टेकवून वहीत लिहून घ्यायचे. गाव ऐकत होतं आणि मला दुरुस्त करत होतं. माझ्या आयुष्यात इतकं सुख मला त्याआधी कधी झालं नव्हतं.

मग तलावाची गोष्ट आली.

गावाच्या वरच्या अंगाला मालगुजाराच्या वेळचा मोठा तलाव आहे. त्याच्या मातीच्या बांधाला सगळे पाळ म्हणतात. त्या वर्षी पाळीची डागडुजी झाली होती आणि तिथे एक फरशी बसवायची होती. सरपंचांनी मला एक टाईप केलेला कागद दिला. त्यात लिहिलं होतं की त्यांच्या आजोबांनी गावासाठी तलाव बांधायला घेतला, पाळ दोनदा फुटली, तेव्हा देवी स्वप्नात आली, तिने दोन जिवांचा भोग घेतला आणि त्यानंतर पाळ जी टिकली ती आजवर. पाळीवर ज्या जागी तो भोग गेला, तिथे गावातल्या बायका दरवर्षी हळदकुंकू वाहत असत. मीही ते पाहिलं होतं.

"या गुरुवारी एवढं वाचा," सरपंच म्हणाले.

त्या दोन जिवांची नावं कागदात नव्हती. मी शिपायाला विचारलं, तर तो म्हणाला, "वस्तीतल्या म्हातारीले पुसा. ते होती तवा."

म्हातारी विहाराच्या मागच्या घरात एकटी राहायची. पंच्याहत्तरीच्या पुढची असेल. मी गेले तेव्हा अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी कागद वाचून दाखवला. ती शेंगा सोलत राहिली आणि मग म्हणाली, "भोग कायचा वं? पाळ घसरली."

मी खाली बसले.

"मी लग्न होऊन आली त्याच सालची गोष्ट आहे," ती सांगू लागली. "दाने नव्हते गावात. दिवसभर माती तुडवली का संध्याकाळी पायलीभर ज्वारी देत. आमी बारा बाया होतो. मधात चिकन माती टाकाची, पानी माराचं, अन् खांद्याले खांदा लावून तुडवाची. तशी तुडवली नाही तं पाळ टिकत नाही. माह्या सासूलेच ठाऊक होतं ते, मालगुजाराले नव्हतं. त्या दिवशी वरून पाऊस चालू होता. बाया म्हने थांबा. मुकादम म्हने थांबाचं नाही. कडेची माती सुटली अन् कडेच्या दोघी गेल्या. मी तिसरी होती."

"मग? बाहेर काढलं नाही त्यांना?"

"काढतो म्हनलं तं पाळ पुन्हा खनावी लागन म्हने." तिचे हात आता थांबले होते. "त्याईच्यावरच माती टाकाले लावली. आमालेच लावली. तुडवालेही आमालेच लावली."

नंतर तिने मला त्या दोघींची नावं सांगितली. उरलेल्या दहाजणींचीही सांगितली, एकेक बोट मोडून. शेवटी म्हणाली की तलाव भरला तेव्हा घाटावर आम्हाला उभं केलं नाही. जास्तीचं पाणी वाहून जातं त्या सांडव्यावर जाऊन आम्ही घागरी भरायचो.

मी सगळं लिहून घेतलं. आणि गुरुवारी काय केलं तेही लिहिते, कारण ते लपवून पुढचं सांगता येणार नाही. मी देवीचं स्वप्न गाळलं, पण म्हातारीचं बोलणंही गाळलं. माईकपुढे मी म्हणाले, "तलाव बांधताना अपघात होऊन दोन कष्टकरी महिलांना प्राण गमवावे लागले. गाव त्यांचं ऋणी आहे." सरपंचांना स्वप्न गेल्याचं थोडं खटकलं असावं, पण ते काही बोलले नाहीत. मी सायकलवरून घरी येताना स्वतःला सांगत होते की खोटं तर बोलले नाही ना.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत म्हातारी शाळेच्या दारात उभी. काठी टेकत आली होती.

"दोन कष्टकरी महिला कोन वं?" तिने विचारलं.

मी हातातलं पुस्तक मिटलं.

"माह्या तोंडून घेतलं अन् धुवून पिळून दोरीवर टाकलं. त्याईले नावं नव्हती काय?"

"आजी, माझी नोकरी अजून पक्की नाही."

"तू तं आमचीच नं वं पोरी? शिकली, मास्तरीन झाली, सायकलीवर येतं. मंग तुले काहून भेव वाटून राहिलं? मी त्याईच्या अंगावरून माती तुडवली अन् साठ वर्सं चूप बसली. आता तूही चूप बसशीन तं कोन सांगन?"

वर्गातली पोरं खिडकीत जमली होती. मला कानशिलापर्यंत ऊन लागल्यासारखं झालं. मी म्हटलं, "येत्या गुरुवारी सांगते. नावांसकट." ती म्हणाली, "तू नोको सांगू. मीच सांगतो."

पुढच्या गुरुवारी ती चावडीच्या पायऱ्या चढली. वस्तीतली कोणी बाई त्याआधी त्या पायऱ्या चढली होती का, मला माहीत नाही. शिपाई दारात होता. "आजी, तुमाले कोनं बोलावलं?"

"मीनंच बोलावलं मले," ती म्हणाली आणि आत गेली.

मी दोन वाक्यांत सांगितलं की मागच्या आठवड्यात मी तलावाची गोष्ट अर्धवट सांगितली, तिथे मी चुकले, आता जिने पाळ तुडवली ती बाई सांगेल. म्हातारी माईकच्या इतकी जवळ गेली की तिन्ही भोंगे किंचाळले. शिपायाने माईक थोडा मागे ओढला. मग ती बोलू लागली. रडली नाही, आवाज चढवला नाही. पाऊस, चिकन माती, मुकादम, सगळं मला सांगितलं होतं तसंच. मध्येच सरपंचांचा गडी धावत आला आणि शिपायाच्या कानाशी लागला. यंत्र बंद करायचा निरोप होता. शिपाई "पाहतो, पाहतो" म्हणत यंत्राच्या मागे वाकला, आणि वाकलेलाच राहिला. त्याने मागे काय केलं कोण जाणे, पण आवाज एकदाही तुटला नाही. म्हातारीने त्या दोघींची नावं दोनदा घेतली, मग दहा जणींची. शेवटी म्हणाली, "त्याईतली मी. जिती आहे. ज्याले पुसाचं त्यानं येऊन पुसा."

बाहेर आलो तर चावडीपुढे नेहमी बसणारी माणसं उभी होती. म्हातारी त्यांच्यामधून काठी टेकत निघून गेली.

सकाळी मी गावात शिरले तेव्हा वस्तीकडे जाणारी तार कापून खाली टाकलेली होती. सरपंच चावडीत बसले होते.

"बाई, तुम्ही शिकलेल्या आहात," ते म्हणाले. "गावात अशाने वितुष्ट येतं. साठ वर्षांपूर्वीचं काय उकरायचं?"

"फरशीवर साठ वर्षांपूर्वीचंच कोरताय ना?"

"ती परंपरा आहे."

"मग त्या दोघी तिथे नाहीत असं तुम्ही सांगा. भोंग्यावरून सांगा. मी बाजूला बसून ऐकते."

ते उठून गेले.

आठवड्याच्या आत नागपुरात, सदर भागातल्या शिक्षण खात्याच्या ऑफिसात बोलावणं आलं. तिथले साहेब वयस्कर होते, वाईट नव्हते, त्यांना फक्त फाईल बंद करायची होती. त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. "लिहा, मी ऐकीव माहिती सार्वजनिक ठिकाणी सांगितली, त्याबद्दल दिलगीर आहे. चार ओळी. विषय संपला."

"ऐकीव नाही, साहेब. सांगणारी तिथे होती. तिला बोलवा."

"पुरावा काय?"

"देवी स्वप्नात आली याचा काय आहे?"

साहेब चष्मा काढून म्हणाले, "तुमची नोकरी अजून कायम झालेली नाही, हे लक्षात आहे ना?"

"आहे. रोज असतं." मी कागद त्यांच्याकडे परत सरकवला. "चुकले असते तर लिहिलं असतं. एकदा चुकले होते, ते भोंग्यावरून कबूल केलं आहे."

खाली बाबा उभे होते. गिरणीतली पाळी सोडून आले होते. "लिवलं?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. ते तिथेच सायकलवर बसले आणि माझ्यापुढे निघून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आई ताट वाढताना एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहायची. गुरुवारी सकाळी मी निघाले, तेव्हा ते अंगणात सायकलीला हवा भरत होते. "आज जाशीन तं मीही येतो संग," एवढंच म्हणाले.

यंत्र मिळणार नव्हतंच. चावडीला कुलूप होतं आणि शिपायाकडून किल्ली काढून घेतली होती. मी शाळेत पोरांना सांगून ठेवलं होतं की आज गोष्ट तलावाच्या पाळीवर. संध्याकाळी मी, बाबा आणि म्हातारी तिथे जाऊन बसलो. वस्तीतली झाडून सगळी माणसं आली. ते मला अपेक्षित होतं. मग गावातल्या दोघी-तिघी बाया आल्या आणि थोड्या अंतरावर उभ्या राहिल्या, मग आणखी काही. पुरुषही आले. काही तमाशा बघायला आले असतील, तरी आले.

म्हातारीला भोंग्याशिवाय मोठ्याने बोलता येईना. ती एक वाक्य बोलायची आणि मी ते मोठ्याने सांगायचे. या वेळी मी तिचा एक शब्दही बदलला नाही. तिची बोली जशीच्या तशी माझ्या तोंडून निघत होती. ती माझ्याही घरची बोली होती, पण शाळेत, ऑफिसात, माईकपुढे मी ती कधी बोलले नव्हते.

नावं सांगून झाली तेव्हा मागून एक बाई पुढे आली. सरपंचांच्याच गल्लीतली, म्हातारीच्या आगेमागे वयाची, डोक्यावरून पदर घेतलेली. "तो मुकादम माहा बाप होता," ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"मी लहान होती तवा. मरेवरी तो या जाग्यावरून गेला नाही. शेतात जाले एवढा मोठा फेरा मारे. माय पुसे, काहून गा एवढ्या दुरून जाता? तं बोलत नसे. मरताना सांगतलं त्यानं मले. दोघी होत्या म्हने, अन् एकीचा हात बाहेर होता म्हने."

म्हातारी तिच्याकडे वळली. "मंग तोंडानं काहून नाही सांगतलं त्यानं गावात?"

"भेला."

"आमी नाही भेलो काय?" म्हातारी म्हणाली. मुकादमाची लेक खाली मान घालून उभी राहिली. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही. पण आता ती गोष्ट एकट्या म्हातारीची राहिली नव्हती. पलीकडच्या घरातूनही तीच निघाली होती, आणि ती शंभर माणसांनी ऐकली होती.

वस्तीने ठरवलं की तार जोडत नाहीत तोवर आपल्यातलं कोणी ग्रामसभेला जाणार नाही. त्याच सुमारास लस टोचणारे आले. भोंगा मुका असल्यामुळे वस्तीत कोणाला कळलंच नाही, आणि ते हात हलवत परत गेले. वरून विचारणा झाली, आणि महिन्याभरात तार पुन्हा जोडली गेली. शिपायानेच जोडली. कडुलिंबावर चढून बराच वेळ काम करत होता. खाली उतरल्यावर मला म्हणाला, "यावेळी जाड तार टाकली, बाई. ते पहिली अशीच होती."

गुरुवार मात्र पंचायतीने बंद केला तो केलाच. फरशीही बसली, आजोबांचं नाव आणि देवीचं स्वप्न कोरून. तो सोहळा झाला त्या दिवशी मी रजा टाकली नाही. शाळा उघडून बसले आणि पोरांना तलावाची गोष्ट शिकवली.

वस्तीतल्या बायकांनी पाळीवर दोन दगड आणून ठेवले. त्यांच्यावर चुन्याने नावं लिहायची होती. लिहिता येणारी चौथीतली एक मुलगी होती, तिला मी अक्षरं गिरवून दिली. पावसाने चुना धुऊन गेला की ती पुन्हा लिहायची. हळदकुंकू वाहायला गावातल्या बाया येत तेव्हा आधी कडेकडेने जात. पुढे पुढे त्याच दगडांवर वाहू लागल्या. त्यातल्या काही जणी नाव घेऊन वाहायच्या, असं मला म्हातारीने निरोप पाठवून कळवलं. ती नावं मी इथे लिहीत नाही, कारण ती त्या गावाची आहेत आणि तिथे ती आता सगळ्यांना पाठ आहेत.

निरोप अशासाठी, की तोवर माझी बदली झाली होती. वर्षाच्या मध्येच हुकूम आला. कायम व्हायला मला बाकीच्यांपेक्षा तीन वर्षं जास्त लागली. प्रत्येक वेळी फाईल वर जायची आणि त्या एका तक्रारीपाशी अडायची. बाबा कधीकधी हिशेब काढल्यासारखं बोलायचे, की चार ओळी लिहिल्या असत्या तर. पण पाहुणे आले की पाळीवरच्या त्या संध्याकाळची गोष्ट तेच सांगायचे, आणि त्यात त्यांची सायकल दर वेळी माझ्या सायकलीच्या पुढे असायची.

नवं गाव जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला होतं, एसटीने दोन तासांवर. पहिल्याच दिवशी तिथल्या हेडमास्तरांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि म्हणाले, "तुमच्याबद्दल ऐकलं आहे, बाई. इथे शांत गाव आहे. इतिहासबितिहास पुस्तकातला तेवढा शिकवा."

मी चहा घेतला. दुपारी शाळा सुटल्यावर गावच्या विहिरीवर गेले. तीन बाया पाणी शेंदत होत्या. मी त्यांच्याजवळ चपला काढून बसले आणि विचारलं, "अवं बाई, ही विहीर खनली कोनं?"

एकीने दोर हातात धरूनच माझ्याकडे पाहिलं. "कोनती गोष्ट सांगू?" ती म्हणाली. "पाटलाची सांगतात तशी, का खरी?"

मी वही काढली.